गाडीचं इंजिन बांधताय? मेन बेअरिंगचं क्लिअरन्स मोजल्याशिवाय क्रँक बसवू नका

वडूज : हंगाम ओसरला की तालुक्यातल्या गॅरेजांत इंजिनं उतरायला सुरुवात होते. कुणाची वडापची जीप असते, कुणाची कांदा-बटाटा पुण्याला नेणारी पिकअप, तर कुणाची घरची जुनी कार. रिंगा, पिस्टन आणि बेअरिंग नवीन टाकली, पॅकिंग किट बदललं, म्हणजे इंजिन नवं झालं असं मालकाला वाटतं. पण कधी कधी महिनाही जात नाही, तोवर गाडी गरम झाली की ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. भरलेली गाडी खंबाटकी चढायला लागली की खालून 'धबधब' आवाज येतो. मग इंजिन पुन्हा खोलायचं आणि पुन्हा खर्च करायचा. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

अशा वेळी दोष कधी ऑईलला दिला जातो, कधी 'माल डुप्लिकेट निघाला' असं म्हटलं जातं. बऱ्याचदा मात्र खरं कारण साधं असतं. क्रँक बसवताना मेन बेअरिंगचं क्लिअरन्स कुणी मोजलेलंच नसतं. 'बेअरिंग वीस साइजचं आहे, क्रँकही वीसवर घासलाय, बसणारच' या भरवशावर इंजिन बांधलं जातं. बेअरिंगच्या डब्यावर छापलेली साइज आणि इंजिनात प्रत्यक्ष उरणारी फट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही फट कशी मोजायची, चुकली तर कशी दुरुस्त करायची आणि गाडीमालकाने काय विचारायचं, याची ही माहिती.

मेन बेअरिंग म्हणजे काय?

पिस्टन वर-खाली होतो आणि त्या हालचालीचं फिरणं करतो तो क्रँक. क्रँक ब्लॉकमध्ये ज्या ठिकाणी टेकतो त्या गोल भागांना मेन जर्नल म्हणतात. प्रत्येक जर्नलला दोन अर्ध्या शेलची जोडी असते. वरचं शेल ब्लॉकमध्ये बसतं, खालचं कॅपमध्ये, आणि कॅप दोन बोल्टने आवळली जाते. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनात साधारण पाच मेन बेअरिंग असतात, तीन सिलिंडरच्या छोट्या कारमध्ये चार. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग वेगळी. त्यांना गॅरेजात बिगएंड म्हणतात.

इंजिन चालू असताना क्रँक शेलला टेकून फिरत नाही. मध्ये ऑईलचा पातळ थर असतो आणि क्रँक त्यावर तरंगतो. पावसात जोरात गेलेल्या गाडीचा टायर रस्ता सोडून पाण्यावर उचलला जातो, तसंच हे. हा थर तयार व्हायला शेल आणि जर्नलच्या मध्ये जी जागा लागते तिलाच क्लिअरन्स म्हणतात.

जागा फार कमी असली तर ऑईल शिरत नाही, बेअरिंग तापतं आणि इंजिन जाम होतं. जागा जास्त झाली तर ऑईल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं आणि क्रँक आपटायला लागतो. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फट दुप्पट झाली की निसटणारं ऑईल दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. बिगएंडला जाणारं ऑईल मेन बेअरिंगमधूनच क्रँकच्या भोकांतून पुढे जातं. त्यामुळे मेन ढिलं असलं तरी पहिलं बळी बिगएंड जातं, आणि नवीन टाकलेलं बिगएंड का गेलं ते कुणाला कळत नाही.

फट किती असावी?

नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच अंतिम. मोबाइलवर इंजिनचा मॉडेल नंबर टाकून तो शोधता येतो किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारता येतो. अंदाज यावा म्हणून एक जुना ठोकताळा सांगितला जातो : जर्नल जितके सेंटिमीटर जाड, तितके शंभरांश मिलिमीटर फट. म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमी. छोट्या पेट्रोल कारमध्ये ही फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असते. डिझेल जीप, पिकअपमध्ये थोडी जास्त, ०.०४ ते ०.०९ मिमीच्या आसपास.

माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१० मिमी जाड असतो. म्हणजे सगळा खेळ एका केसाच्या जाडीत आहे. तो हाताला कळत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. 'हलवून बघितलं, बरोबर वाटतंय' या बोलण्याला इथे काही अर्थ राहत नाही.

गॅरेजात अजून 'थाउ'ची भाषा चालते. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. दोन थाउ म्हणजे साधारण ०.०५ मिमी. शेलच्या साइजही यावरूनच पडल्या. दहा साइज म्हणजे जर्नल मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी बारीक, वीस म्हणजे ०.५० मिमी, तीस म्हणजे ०.७५ मिमी आणि चाळीस म्हणजे १ मिमी.

इंजिन खोलण्याआधीच्या खुणा

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला ऑईलचा दिवा लुकलुकणं ही पहिली खूण. गाडीतल्या दिव्यावर किंवा काट्यावर विसंबू नका. ऑईल प्रेशर स्विच काढून त्या जागी घड्याळाचा गेज लावून बघा. गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांना साधारण १० पीएसआय प्रेशर हवं, असा ढोबळ नियम आहे.

दुसरी खूण आवाजाची. मेन बेअरिंगचा आवाज खोल आणि जड असतो, लोड पडल्यावर वाढतो. बिगएंडचा त्यापेक्षा बारीक, 'टकटक' असा. तिसरी खूण ऑईलमध्ये चकाकणारा बारीक भुगा.

प्रेशर कमी आलं म्हणून जाड ऑईल टाकून वेळ मारून नेण्याची सवय अनेकांना आहे. त्याने दिवा काही दिवस विझतो, पण फट तेवढीच राहते. प्रेशर कमी येण्याला झिजलेला ऑईल पंप, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह किंवा तुंबलेली जाळीही कारण असू शकते. म्हणून इंजिन खोललंच तर पंपही तपासा.

खोलताना काय बघायचं?

मेन कॅप काढण्याआधी त्यांवर नंबर आणि दिशेच्या खुणा आहेत का ते बघा. नसतील तर पंचाने खुणा करा. कॅप आणि ब्लॉकची भोकं कारखान्यात एकत्र कातलेली असतात. दोन नंबरची कॅप तीनला लावली किंवा उलटी बसवली, तर नवीन शेल टाकूनही फट चुकते. बोल्ट बाहेरच्या कॅपपासून आत येत, थोडे थोडे ढिले करा.

क्रँक उचलण्याआधी तो पुढे-मागे किती सरकतो तेही मोजून ठेवा. त्याबद्दल पुढे येईलच.

जुनी शेल फेकू नका. ती क्रमाने एका फळीवर मांडा. रोग काय आहे ते तीच सांगतात.

• लांब चरे पडलेत : ऑईलमधून माती किंवा धातूचा कण गेलाय. फिल्टर आणि एअर क्लीनर तपासा.
• वरचा राखाडी थर जाऊन तांबूस थर दिसतोय : शेल झिजून संपलंय. ॲल्युमिनियमच्या शेलमध्ये मात्र तांबूस रंग दिसत नाही.
• मधलं बेअरिंग जास्त झिजलंय, कडेची कमी : क्रँक वाकला असेल किंवा ब्लॉकची रेष गेली असेल.
• शेलची एकच कड झिजलीय : जर्नलला एका बाजूला उतार आलाय.
• शेलची पाठ चकचकीत झालीय : शेल जागेवर हलत होतं. कॅप नीट आवळलेली नव्हती किंवा ब्लॉकचं भोक मोठं झालंय.

शेलने जागेवर गिरकी घेतली असेल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'बेअरिंग फिरलं' असेल, तर नुसतं शेल बदलून भागत नाही. ब्लॉकचं भोक मोजावंच लागतं.

मोजण्याआधी स्वच्छता

ब्लॉकची ऑईल गॅलरी प्लग काढून ब्रशने आणि हवेने साफ करा. क्रँकमधली तिरकी भोकंही तशीच. ग्राइंडिंग करून आलेल्या क्रँकच्या भोकांत घासणीची पूड अडकलेली असते. ती राहिली तर पहिल्याच स्टार्टला नव्या शेलमध्ये रुतते.

शेलची पाठ आणि ती बसते ती जागा पूर्ण कोरडी हवी. तिथे ऑईल, ग्रीस, धूळ काही नको. पाठीमागे एक कण अडकला तरी तिथे शेल फुगतं आणि फट कमी होते. ऑईल फक्त आतल्या बाजूला, तेही मोजणी झाल्यावर, अखेरच्या जोडणीत.

शेल बसवताना वरचं-खालचं उलटसुलट होऊ देऊ नका. साधारणपणे भोक आणि खाच असलेलं शेल ब्लॉकमध्ये जातं आणि साधं शेल कॅपमध्ये. साधं शेल वर बसलं तर ऑईलची वाटच बंद होते आणि इंजिन काही मिनिटांत जाम होतं. शेलचं भोक ब्लॉकच्या भोकावर येतंय ना, ते प्रत्येक ठिकाणी डोळ्याने बघा.

पहिली पद्धत : मायक्रोमीटर आणि बोअर गेज

ही सगळ्यात खात्रीची पद्धत. आधी मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल चार वेळा मोजा. पुढच्या कडेला दोन मापं आणि मागच्या कडेला दोन, एक उभं आणि एक आडवं. उभ्या-आडव्यात फरक आला तर जर्नल अंडाकृती झालंय. पुढे-मागे फरक आला तर उतार आलाय. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हा फरक ०.०१ मिमीच्या वर चालत नाही.

मग क्रँक बाजूला ठेवून ब्लॉकमध्ये नवीन शेल बसवा, कॅप लावा आणि टॉर्क रेंचने कंपनीच्या टॉर्कला आवळा. आता डायल बोअर गेजने आतलं भोक मोजा. माप उभ्या दिशेने घ्यायचं. कॅप आणि ब्लॉक जुळतात त्या सांध्याजवळ घेऊ नका, कारण शेल तिथे मुद्दाम थोडं पातळ ठेवलेलं असतं आणि फट खोटी जास्त दिसते.

भोकाच्या मापातून जर्नलचं माप वजा केलं की क्लिअरन्स मिळालं. उदाहरणार्थ भोक ५०.०३५ मिमी आणि जर्नल ४९.९९० मिमी असेल तर क्लिअरन्स ०.०४५ मिमी.

एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हामुळे महत्त्वाची ठरते. लोखंड तापलं की वाढतं. ५० मिमीचं जर्नल २० अंशांनी जास्त तापलं तर साधारण ०.०१२ मिमीने जाड होतं. मे महिन्यात क्रँक अंगणात उन्हात आणि ब्लॉक शेडमध्ये ठेवून मोजणी केली, तर एवढी चूक नुसत्या उन्हाने होते. क्रँक, ब्लॉक आणि मोजायची हत्यारं रात्रभर एकाच सावलीत ठेवा आणि सकाळी मोजा.

दुसरी पद्धत : प्लास्टीगेज

प्रत्येक गॅरेजात बोअर गेज नसतो. त्याला स्वस्त पर्याय म्हणजे प्लास्टीगेज. ही मेणासारखी मऊ, बारीक दोरी असते. स्पेअर पार्टच्या दुकानात सांगून मागवता येते किंवा ऑनलाइन मिळते. हिरव्या रंगाची दोरी ०.०२५ ते ०.०७६ मिमीची फट मोजते आणि कारसाठी तीच लागते. लाल दोरी ०.०५ ते ०.१५ मिमीसाठी असते.

१. ब्लॉक स्टँडवर उलटा करा, म्हणजे क्रँकचं वजन ब्लॉकमधल्या शेलवर राहील आणि फट पूर्ण कॅपच्या बाजूला येईल.
२. जर्नल आणि कॅपचं शेल कोरडं पुसून घ्या.
३. जर्नलच्या रुंदीएवढा दोरीचा तुकडा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा. ऑईलच्या भोकावर ठेवू नका.
४. कॅप लावून पूर्ण टॉर्कला आवळा. आता क्रँक अजिबात फिरवू नका. फिरला तर दोरी फाटते आणि माप वाया जातं.
५. कॅप काढा. दोरी चपटी झालेली दिसेल. पाकिटावरच्या पट्टीशी तिची रुंदी जुळवा. जितकी रुंद, तितकी फट कमी.
६. दोरी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नलला उतार आहे.
७. ऑईल लावून दोरी पुसून काढा. नखाने किंवा पात्याने खरवडू नका.

प्लास्टीगेजने जर्नल अंडाकृती आहे का ते कळत नाही. म्हणून निदान मायक्रोमीटरने जर्नल मोजून मग प्लास्टीगेज वापरावं.

दोन्ही पद्धतींत टॉर्क रेंच हवाच. पान्याला पाइप लावून 'अंदाजाने' आवळलेल्या कॅपवर घेतलेलं माप खोटं असतं. काही नव्या इंजिनांत बोल्ट आधी टॉर्कला आणि मग ठरावीक अंश फिरवून आवळायचे असतात. अशा बोल्टबद्दल मॅन्युअल काय सांगतं ते बघा, बऱ्याचदा ते जोडणीला नवीनच घ्यावे लागतात.

आकडे हातात आले, आता काय?

समजा पाच बेअरिंगची मापं अशी आली : एक नंबर ०.०४५, दोन ०.०५०, तीन ०.०५०, चार ०.०९०, पाच ०.०४५ मिमी. चारच ठीक आहेत, पण चार नंबर बिघडलेलं आहे. सगळीकडे सारखीच जास्त फट आली असती तर शेलची साइज चुकली किंवा क्रँक जास्त घासला गेला असं समजायचं. एकाच ठिकाणी फरक आला तर त्या जागेचा दोष शोधायचा. ते शेल काढा, पाठ पुसा, कॅपचा नंबर बघा आणि पुन्हा मोजा. तरी तेवढंच आलं तर जर्नल किंवा ब्लॉकचं भोक बिघडलंय.

फट जास्त असेल तर

जर्नल मापात असेल तर नवीन स्टँडर्ड शेल पुरतं. मारुती सुझुकीच्या अनेक इंजिनांत एकाच साइजमध्ये जाडीचे बारीक फरक असलेली शेल रंगाच्या खुणेने ओळखतात. क्रँकवरचे आणि ब्लॉकवरचे नंबर-अक्षर जुळवून कोणत्या बेअरिंगला कोणता रंग हे मॅन्युअलच्या तक्त्यात बघायचं असतं.

जर्नल झिजलं किंवा अंडाकृती झालं असेल तर क्रँक घासावा लागतो. एक जर्नल खराब असलं तरी सगळी मेन जर्नल एकाच साइजला घासतात. इथेच नेहमीची चूक होते. क्रँक आधी घासून आणायचा आणि शेल नंतर विकत घ्यायचं, असा क्रम चालतो. तो उलटा हवा. आधी शेल आणा, ब्लॉकमध्ये बसवून टॉर्कला आवळा आणि भोक मोजा. समजा वीस साइजच्या शेलने भोक ४९.५४ मिमी आलं आणि फट ०.०५ हवी आहे, तर ग्राइंडिंगवाल्याला 'वीसवर घास' असं सांगायचं नाही. '४९.४९ मिमी ठेव' असं कागदावर लिहून द्यायचं.

क्रँक घासायला कराड, साताऱ्यासारख्या मोठ्या गावी न्यावा लागतो. परत आणण्याआधी तिथेच जर्नल मोजून घ्या. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई मूळ होती तशी राहिली पाहिजे. कोपरा काटकोनात कापला गेला तर क्रँक तिथूनच तुटतो. ऑईलच्या भोकांच्या कडा मारलेल्या हव्यात आणि शेवटी पॉलिश झालेलं हवं. काही क्रँकचा वरचा कडक थर फार पातळ असतो आणि असा क्रँक घासायला कंपनीची परवानगी नसते. ते आधी विचारा.

घासण्याआधी क्रँक सरळ आहे का तेही बघा. दोन्ही टोकांना टेकवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावायचा आणि क्रँक हळू फिरवायचा. छोट्या कारमध्ये काटा साधारण ०.०५ ते ०.०६ मिमीपेक्षा जास्त हलू नये.

फट कमी असेल तर

क्रँक जड फिरतोय म्हणून शेल पात्याने खरवडणं किंवा पॉलिश पेपरने घासणं ही मोठी चूक. पेपरची पूड शेलच्या मऊ धातूत रुतते आणि तीच पुढे जर्नल खाते. आधी शेलची साइज, पाठीमागचा कण, कॅपचा नंबर-दिशा आणि क्रँकचा वाक तपासा. हे सगळं ठीक असेल तर जर्नल मशीनवर अगदी थोडं पॉलिश करून घेता येतं.

ब्लॉकची भोकं एका रेषेत नसतील किंवा बेअरिंग फिरल्याने भोक मोठं झालं असेल, तर लाइन बोअरिंग हाच उपाय. ते काम चांगल्या मशीन शॉपमध्येच होतं.

कागद, पन्नी आणि कानस : जुनी सवय आता घातक

फट जास्त आली की शेलच्या मागे कागद किंवा पातळ पत्रा घालणं, नाहीतर कॅप कानशीने घासून खाली बसवणं, हे उपाय अजूनही ऐकू येतात. ही सवय आली कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे.

या भागाला इंजिन नवं नाही. आपल्याच तालुक्यातल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये आपल्या संस्थानातली कुंडलजवळची जागा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. वीज येण्याआधी विहिरींवर ऑईल इंजिनंच पाणी उपसत होती, आणि खेड्यापाड्यातल्या अनेक हातांनी इंजिन खोलायला-जोडायला त्यांच्यावरच शिकून घेतलं.

जुन्या काळच्या संथ इंजिनांत बेअरिंग म्हणजे ओतलेला मऊ धातू असे. त्याला व्हाइट मेटल किंवा बॅबिट म्हणत. आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. अशा बेअरिंगच्या कॅपखाली कारखान्यातूनच पातळ पत्र्या दिलेल्या असत. बेअरिंग झिजलं की एक पत्री काढायची, धातू खरवडून जुळवायचा आणि इंजिन पुन्हा चालू करायचं. मिनिटाला ६००-६५० फेरे घेणाऱ्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाला ते चालत होतं. तेव्हाच्या मिस्त्रींचं काही चुकत नव्हतं.

आजच्या कारचं इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं आणि त्यातलं शेल पातळ असतं. कॅप आवळल्यावर ते चेपून जागेवर घट्ट बसतं आणि आपली उष्णता ब्लॉकला देतं. मागे कागद घातला की उष्णता अडते, शेल मध्येच फुगतं आणि कागद कुजून शेल ढिलं होतं. कॅप घासली की गोल भोक चपटं होतं. दोन्ही प्रकारांत मोजमाप एका जागी बरोबर दिसेल, पण बेअरिंग टिकणार नाही. कॅप एकदा घासली की ब्लॉकचं लाइन बोअरिंगही करावं लागतं.

क्रँक पुढे-मागे किती सरकतो?

क्रँक लांबीच्या दिशेने सरकू नये म्हणून एका मेन बेअरिंगला थ्रस्ट वॉशर असतात. स्क्रू ड्रायव्हरने क्रँक एका बाजूला दाबून दुसऱ्या बाजूला फीलर गेज घाला, किंवा टोकाला डायल गेज लावा. ही सरक साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते, नेमकी मॅन्युअलमध्ये बघा. जास्त असेल तर जाड साइजचे थ्रस्ट वॉशर मिळतात. वॉशरची खाचा असलेली बाजू क्रँककडे ठेवायची, ब्लॉककडे नाही.

घाटात किंवा गर्दीत क्लचवर सतत पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यांचे हे वॉशर लवकर झिजतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार या दोन पातळ चकत्यांवर येतो.

अखेरची जोडणी आणि पहिला स्टार्ट

मोजणी संपली की शेलच्या आतल्या बाजूला आणि जर्नलला ऑईल लावा. कॅप मधल्यापासून बाहेर जात, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा, मग दुसरी. ज्या कॅपनंतर क्रँक जड होईल तिथेच दोष आहे. पिस्टन टाकण्याआधी क्रँक हाताने सहज फिरला पाहिजे.

इंजिन सुरू करण्याआधी ऑईल पंप ऑईलने भरून घ्या. मग डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, पेट्रोल गाडीत प्लग काढून, प्रेशर येईपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. चालू केल्यावर काही सेकंदांत दिवा विझला नाही तर लगेच बंद करा. 'येईल हळूहळू' म्हणून चालू ठेवू नका. पहिलं ऑईल आणि फिल्टर लवकर बदला. पहिले काही दिवस गाडी पूर्ण भरून घाटात घालू नका.

गाडीमालकाने काय विचारायचं?

मिस्त्रीवर विश्वास ठेवावाच, पण मापाचा कागद मागण्यात अविश्वास नसतो. ज्याने मोजलंय त्याला तो कागद द्यायला दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद करण्याआधी एवढं विचारा :

• माझ्या इंजिनासाठी मॅन्युअलमधला मेन क्लिअरन्सचा आकडा किती, आणि कमाल मर्यादा किती?
• प्रत्येक मेन बेअरिंगचं माप किती आलं? पाच बेअरिंग असतील तर पाच आकडे.
• कशाने मोजलं, बोअर गेजने की प्लास्टीगेजने?
• कॅप टॉर्क रेंचने आवळल्या का? किती टॉर्कला?
• क्रँकची सरक किती आहे?
• ऑईल पंप तपासला का?

हा कागद बिलासोबत जपून ठेवा. उद्या पुन्हा दिवा लागला तर दोष बेअरिंगमध्ये आहे की पंपात, हे त्यावरून लवकर कळतं. गाडी विकताना घेणाऱ्यालाही तो दाखवता येतो. प्लास्टीगेजची एक दोरी आणि मिस्त्रीची एक सकाळ, एवढाच या मोजणीचा खर्च आहे. ती टाळली तर खर्चात क्रँक, बेअरिंग, दुसऱ्यांदा मजुरी आणि बुडालेला हंगाम असं सगळं येतं.